मंठ्याची स्थानपोथी

(मंठा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



मंठ्याचा इतिहास वाचायचा म्हटले तर कपाट कोणते उघडायचे, इथूनच अडचण सुरू होते. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी परतूर परभणी जिल्ह्यात आणि मंठा परतुरात. तेव्हा १९८१ च्या मागे जायचे तर जालन्याची दप्तरे पुरत नाहीत, १९६७ साली निघालेले परभणी जिल्ह्याचे गॅझेटियर काढावे लागते. त्याच्याही मागे गेलो की हैदराबाद संस्थान लागते. तिथले कागद उर्दूत आणि फारसीत, साल फसली. त्यात ५९० मिळवले की आपले इसवी सन हाताला लागते. तुमच्या उत्तरेला, गाडीने तासाभराच्या आत येणारे लोणार मात्र वऱ्हाडात. १८५३ नंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि मंठा निजामाकडेच राहिला. हेन्री कझेन्स या पुरातत्त्व अधिकाऱ्याने जुन्या वास्तूंच्या याद्या केल्या, त्यांतली मध्य प्रांत-वऱ्हाडची यादी १८९७ ची आणि निजामाच्या मुलखाची १९०० ची. एकाच पंचक्रोशीतल्या, एकाच काळ्या दगडाच्या, एकाच धाटणीच्या देवळांची नोंद अशी दोन पुस्तकांत विभागली गेली. लोणारचे दैत्यसूदन मंदिर एका राज्याचे, आणि पूर्णा नदीच्या अलीकडची त्याची भावंडे दुसऱ्याची.

हैदराबाद संस्थानाने १९१४ साली स्वतःचे पुरातत्त्व खाते काढले. गुलाम याझदानी त्याचे पहिले संचालक. मोठ्या योग्यतेचा माणूस. पण ज्याच्या पदरात अजिंठा आणि वेरूळ आहे, त्याचा वेळ आणि पैसा तिकडे जाणारच. गावाच्या वेशीतला एखादा शिलाहत्ती, आडाच्या कडेचा एखादा वीरगळ यांच्यासाठी खात्याकडे माणूस उरत नव्हता. तो नंतरही उरला नाही. राज्याचा १९६० चा प्राचीन स्मारकांचा कायदा आला, पुरातत्त्व संचालनालय आले, छत्रपती संभाजीनगरला विभागीय कार्यालय आले. तरी संरक्षित स्मारकांची यादी काही शेकड्यांतच राहते आणि राज्यात गावे आहेत चाळीस हजारांच्या घरात. हा हिशेब कोणत्याही सरकारला जुळवता येणार नाही.

म्हणून मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. मंठा प्रत्येक दप्तराच्या कडेला पडलेले गाव आहे. वऱ्हाडच्या कडेला, परभणीच्या कडेला, आता जालन्याच्याही कडेला. मंठ्याची नोंद करायला बाहेरून कोणी येणार नाही. ती मंठेकरांनी करायची आहे, आणि देवळे-बारवा साफ करायला झाडू हातात घेण्याच्या आधी करायची आहे.

ही कल्पना परक्या देशातून आणावी लागत नाही. आपल्याच भाषेत सहा-सातशे वर्षांपूर्वी हे काम झाले आहे. महानुभाव परंपरेत मुनिव्यास कोठींच्या नावाने ओळखली जाणारी स्थानपोथी आठवा. चक्रधरस्वामी जिथे जिथे थांबले, बसले, जेवले, निजले, त्या जागांची ही नोंदवही. गावाचे नाव, गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, देवळाचे तोंड कुणीकडे, आत शिरल्यावर स्थान कोणत्या हाताला, शेजारी झाड आहे की आड आहे, हे सगळे त्यात आहे. लोणार त्या भ्रमणात आहे, आणि आपल्या जिल्ह्यातला भोकरदनकडचा जाळीचा देव आजही महानुभावांचे मोठे ठिकाण आहे. विष्णु भिकाजी कोलते यांनी ही पोथी संपादित करून छापली. तिच्या कर्त्यापाशी काय होते? पाय होते, विचारायला तोंड होते आणि लिहायला हात होता. राजाश्रय नव्हता, खाते नव्हते, अनुदान नव्हते. देवगिरीचे राज्य कोसळलेले होते. देवळे पडतील, माणसे पांगतील, जागा विसरल्या जातील, या काळजीने त्या माणसाने दिशा आणि अंतरे लिहून ठेवली. जागा जपायची असेल तर आधी ती कुठे आहे हे लिहा, हा धडा यादवांनंतरच्या त्या पडत्या काळात मराठीने शिकलेला आहे.

आता आपल्या शिवारात येऊ. मोठ्या देवळांना मी थोडा वेळ बाजूला ठेवतो. तालुक्यातल्या हेलसच्या मंडळींनी रागावू नये. त्यांच्या गावाशी हेमाडपंतांचे नाव जोडले जाते आणि ती आठवण त्यांनी जपली आहे. आठवण जशी सांगितली जाते तशी ती लिहिली पाहिजे, सांगणाऱ्याच्या नावासह. हेमाडपंत म्हणजे हेमाद्री, यादवांचा श्रीकरणाधिप म्हणजे दप्तरप्रमुख, महादेव आणि रामचंद्र या दोन राजांच्या कारकिर्दीतला. तेराव्या शतकातल्या त्या पुरुषाविषयी एखादे गाव पिढ्यान्‌पिढ्या काय सांगत आले, ही स्वतः एक नोंद आहे. शिलालेखाचा पुरावा वेगळ्या रकान्यात जाईल. दोन्ही रकाने भरले पाहिजेत आणि एकमेकांत मिसळता कामा नयेत.

मला अधिक काळजी वाटते ती बिननावाच्या दगडांची. वीरगळ बघा. मराठवाड्यात क्वचितच एखादे जुने गाव असेल जिथे तो नाही. बहुतेक ठिकाणी मारुतीच्या देवळाबाहेर, पाराला टेकवून, शेंदूर फासून त्याचा म्हसोबा झालेला असतो. तो खालून वर वाचायचा. सगळ्यांत खाली वीर आडवा पडलेला. त्याच्या वर लढाई. ढाल-तलवार घेतलेली माणसे, कधी घोडा. पुष्कळदा तिथे गायी कोरलेल्या असतात, म्हणजे हा माणूस गावची गुरे पळवून नेणाऱ्यांशी लढताना मेला. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन निघालेल्या. सगळ्यांत वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे चंद्र-सूर्य असेतोवर ही आठवण राहो. बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते. राजाची वंशावळ नसते. कोणत्या सरदाराचा, कोणत्या लढाईचा, काही नसते. गावासाठी मेलेल्या गावच्या माणसाची ती खूण. त्याच्या शेजारी कधी सतीशिळा असते, काटकोनात वर उचललेला, बांगड्या भरलेला हात. त्या हाताकडे पाहताना आपला जीव गलबलतो आणि त्या चालीचा संतापही येतो. नोंद मात्र दोन्हींची सारखीच काळजीपूर्वक व्हावी, कारण त्या बाईचे दुसरे काही शिल्लक नाही.

हे दगड कोणी वैराने नष्ट करत नाही. रस्ता रुंद होतो. शेगावहून पंढरपूरकडे जाणारा महामार्ग लोणार, मंठा, परतूर असा काढला गेला. वारकऱ्यांची सोय झाली, मालवाहतूक वाढली, हे चांगलेच झाले. पण असा रस्ता होताना जेसीबीचा चालक काय करतो? कडेचा दगड उचलतो आणि पलीकडे ठेवतो. त्याने दगड फोडलेला नसतो. एवढ्याने दगड वाचतो आणि जागा हरवते. वेशीवरचा वीरगळ सांगत होता की गावाची वेस इथे होती, हल्ला या बाजूने झाला. तो उचलून ग्रामपंचायतीच्या अंगणात नेला, की त्याचे अर्धे बोलणे थांबले. हलवावाच लागला तर हलवण्यापूर्वी जागेवरचा फोटो, मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश, तोंड कुणीकडे होते, एवढे लिहून घ्या. दहा मिनिटांचे काम आहे. त्या दहा मिनिटांसाठी गावात आधीपासून कोणीतरी तयार माणूस लागतो.

पांढरीचेही असेच. आपल्याकडे काळी ती शेतीची आणि पांढरी ती वस्तीची. शेकडो वर्षे माणसे एकाच जागी घरे बांधत, पाडत, पुन्हा बांधत राहिली की पांढऱ्या मातीचे उंच टेकाड तयार होते. गढी बहुधा त्याच्यावरच. धाब्याच्या घरांवर टाकायला ही माती उत्तम, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ती खणून नेली. पूर्वी टोपलीने आणि बैलगाडीने जात होती, आता ट्रॅक्टरने जाते. पावसाळ्यानंतर त्या उतारावर खापरे, मणी, कधी शिशाचे नाणे मिळते आणि पोरे खिशात घालून नेतात.

याच जिल्ह्यातल्या भोकरदनला काय झाले ते पाहा. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांच्या गावांत भोगवर्धनाचे नाव कोरलेले आहे. ते भोगवर्धन म्हणजे आपले भोकरदन. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी तिथे उत्खनन केले. थराथराने माती काढली, म्हणून सातवाहन काळातले व्यापारी गाव उभे राहिले. तिथे स्त्रीची हस्तिदंती मूर्ती मिळाली. तिचे साम्य इटलीतल्या पाँपेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी आहे, आणि पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. जालना जिल्ह्यातल्या एका टेकाडाचा रोमच्या साम्राज्याशी असा दुवा लागतो. हे टेकाड आधीच ट्रॅक्टरने गेले असते तर?

दुसरे उदाहरण धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे. रामलिंगप्पा लामतुरे हे तिथले गृहस्थ, पुरातत्त्वाची पदवी नसलेले. तेरणेच्या काठच्या पांढऱ्यांतून निघणाऱ्या वस्तू त्यांनी आयुष्यभर जमवल्या. मातीच्या बाहुल्या, मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, दिवे. संग्रह वीस हजारांच्या वर गेला आणि आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय गावात उभे आहे. पैठणला बाळासाहेब पाटलांनी हेच केले. त्यांच्याही नावाचे संग्रहालय आहे. या दोन माणसांनी मराठवाड्यासाठी जे केले ते मोठमोठ्या संस्थांना जमले नाही. वस्तू विकल्या जात होत्या, वितळवल्या जात होत्या, तेव्हा त्यांनी त्या थांबवल्या. तरीही त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून मी म्हणेन की आजच्या स्वयंसेवकाने त्यांच्यापुढे एक पाऊल जावे आणि वस्तू जमवण्याआधी जागा नोंदवावी. वस्तू जमिनीतून निघताना तिच्या सोबत कोणता थर होता, शेजारी काय होते, हे एकदा गेले की परत मिळत नाही. शिवाय गुप्त ठेवीचा १८७८ चा कायदा आणि पुराणवस्तूंचा १९७२ चा कायदा आहेत. जमिनीत सापडलेली ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. संग्रहाची हौस मोठी असली तरी हा रस्ता सोडू नका.

जवळची, अलीकडची आणि आनंदाची उदाहरणेही आहेत. सेलू तालुक्यातल्या वालूरला एक बारव आहे. तिच्या पायऱ्या गोल फिरत फिरत पाण्याकडे उतरतात, अशी रचना फार कमी ठिकाणी दिसते. ती माती, कचरा आणि झुडपांनी भरून गेली होती. गावकऱ्यांनी लोकसहभागातून ती मोकळी केली. पाणी दिसले, पायऱ्या दिसल्या आणि मग बाहेरून लोक बघायला येऊ लागले. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेतून राज्यभरातल्या बारवांच्या जागा नकाशावर आल्या. महाशिवरात्रीला अनेक बारवांत गावकरी दिवे लावतात. तुमच्या शेजारचे चारठाणे, जिंतूर तालुक्यातले, तर यादवकालीन स्थापत्याची शाळाच आहे. गोकुळेश्वराचे मंदिर, त्याची बारव, एकटा उभा उंच कोरीव स्तंभ. तिथल्याही बारवेची स्वच्छता आणि वारसाफेऱ्या स्थानिकांनी केल्या. मंठ्याच्या शाळेची सहल लांब नेण्याआधी चारठाण्याला गेली पाहिजे, हे मी इथल्या शिक्षकांना हात जोडून सांगतो.

स्वच्छता म्हणताच माझ्या मनात भीतीही उभी राहते. उपेक्षेने जितके नुकसान होते, तितकेच प्रेमाने होताना मी पाहतो. भाविक वर्गणी काढतात आणि काळ्या पाषाणाच्या देवळाला गुलाबी, पोपटी ऑईलपेंट लावतात. गाभाऱ्यात फरशी बसते, कोरीव खांबांना चकचकीत टाइल लागते. सांध्यांत सिमेंट भरतात. जुन्या बांधणीत चिरे एकमेकांवर नेमके बसवलेले असतात आणि त्यांना थोडी हालचाल करायला, ओल बाहेर टाकायला वाव असतो. सिमेंट तो वाव बंद करते. पाणी आत कोंडते, क्षार दगडाच्या अंगातून बाहेर येतात आणि पापुद्रे सुटू लागतात. पंचवीस-तीस वर्षांत कोरीव कामाचा चेहरा जातो. शिलालेखावर खडूने किंवा रंगाने अक्षरे भरू नका. वाचणाऱ्याला तुमची चुकलेली अक्षरेच दिसतात. लेख वाचायचा तर सकाळी, कोवळे ऊन तिरपे पडताना किंवा रात्री बाजूने टॉर्च धरून फोटो घ्या, अक्षरे आपोआप उठून येतात. तारेचा ब्रश नको, आम्ल नको. पिंपळाचे रोप सांध्यात उगवले तर लहान असतानाच कापा. मोठे झालेले मूळ ओढून काढले की चिरा सोबत येतो. वर्गणी जमलीच असेल तर छतावरचे पाणी वाहून जायची वाट मोकळी करा. देवळे बहुधा गळतीने पडतात.

शेंदराचा प्रश्न नाजूक आहे. ज्याला आपण वीरगळ म्हणतो तो पूजा करणाऱ्या घराचा देव आहे. तिथे जाऊन शेंदूर खरवडायचा अधिकार कोणाही अभ्यासकाला नाही. वणीच्या सप्तशृंगीदेवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर २०२२ साली शास्त्रोक्त पद्धतीने काढला गेला आणि मूळ मूर्ती दिसली. पण ते देवस्थानाने, तज्ज्ञांना बोलावून, विधीपूर्वक केले. आपण फोटो घ्यावा, नमस्कार करावा आणि पूजा करणाऱ्या घरात ओट्यावर बसून त्या देवाची कहाणी ऐकावी. ती कहाणी वहीत आली की आपले काम झाले.

वहीची गरज चोरीच्या वेळी कळते. ऑगस्ट २०२२ मध्ये घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थ इथून, समर्थ रामदासांच्या जन्मगावातून, राममंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या. सगळा जिल्हा हळहळला. पुढे काही आठवड्यांच्या तपासानंतर पोलिसांनी मूर्ती हस्तगत केल्या. त्या मूर्ती लोकांच्या डोळ्यांसमोर होत्या, त्यांचे फोटो होते, चर्चा झाली. एखाद्या आडगावच्या देवळातली विष्णुमूर्ती रात्रीतून गेली आणि तिचा एकही फोटो, उंची-रुंदी कुठे नसेल, तर फिर्यादीत काय लिहिणार? "काळ्या दगडाची देवाची मूर्ती." एवढ्यावर कोणता पोलीस ती ओळखेल? गुप्तधनाच्या वेडाने रात्री-बेरात्री गढ्या आणि देवळांचे पायथे खणणारेही आहेतच. जिथे दिवसा लोकांचे येणे-जाणे असते, फोटो निघतात, तिथे अशी माणसे जायला कचरतात.

आतापर्यंत मी दगडाचेच बोललो. पण हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या खुणा अगदी कालच्या आहेत आणि त्याच सगळ्यांत आधी पुसल्या जात आहेत. जालन्यातल्या मामा चौकातून रोज किती माणसे जातात आणि त्यांतल्या कितींना हुतात्मा जनार्दनमामांची आठवण असते? शासनाने १९८० च्या दशकात राज्यभर दोनशेहून अधिक हुतात्मा स्मारके बांधली. त्यांतल्या अनेकांच्या भिंती पडल्या, कुलपे गंजली. याच्या उलट, जर्मनीत गुंटर डेमनिग या कलावंताने नाझींनी नेलेल्या माणसांच्या शेवटच्या घरासमोर, पदपथात, नाव कोरलेले पितळी दगड बसवायला सुरुवात केली. २०२३ साली एक लाखावा दगड बसला. पितळ काळे पडते, म्हणून त्या त्या गल्लीतले रहिवासी आणि शाळेची मुले येऊन ते घासून चकचकीत करतात. नाव घासताना मुलांना ते वाचावेच लागते. आपल्याकडे सत्याग्रहात, रझाकारांच्या काळात या परिसरातून कोण तुरुंगात गेले, कोणाचे घर जळाले, हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांनी एकमेकांना कुठे लपवले, हे सांगणारी माणसे आता नव्वदीच्या पुढे आहेत. दगड अजून शंभर वर्षे थांबेल. ही माणसे थांबणार नाहीत. तेव्हा वहीत पहिल्यांदा त्यांचे बोलणे यावे.

आणि घरातले कागद. देवस्थानाच्या, दर्ग्याच्या, मठाच्या इनामांचे मुंतखब म्हणजे हक्कपत्रे तुमच्यापैकी काहींच्या ट्रंकांत असतील. मोडीतली खते असतील. कोर्टात लागत नाहीत म्हणून ती रद्दीत देऊ नका. विहिरीचे, वाटेचे, मशिदीच्या दिव्याच्या तेलाचे, कोणत्या बलुतेदाराला काय मान होता त्याचे उल्लेख त्यांतच सापडतात. मोबाईलवर नीट उजेडात फोटो घ्या. मूळ कागद त्या घरातच राहू द्या.

कामाची रीत मी थोडक्यात सांगतो. प्रत्येक ग्रामपंचायतीत २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार लोकजैवविविधता नोंदवही करायची असते. झाडापाखरांची नोंद गाव करू शकते तर देवळा-दगडांची का नाही? तशीच एक वारसा नोंदवही तालुक्यातल्या गावागावांत सुरू व्हावी. एका जागेला एक पान. गट क्रमांक, धुऱ्याच्या कोणत्या बाजूला, तोंड कोणत्या दिशेला, उंची-रुंदी, गावातले नाव, कोणी सांगितले आणि त्यांचे वय, फोटोचा क्रमांक, तारीख. देऊळ असो, दर्गा असो, जैन मूर्तीचा तुकडा असो, महारवाड्यातली मरीआई असो, पान सारखेच. जे गावकुसाबाहेर होते ते वहीबाहेर राहता कामा नये. किंबहुना सुरुवात तिथूनच व्हावी, कारण १९०० च्या यादीत आणि १९६७ च्या गॅझेटियरमध्ये त्यांना सगळ्यांत कमी जागा मिळाली. ग्रामसभेत वही वाचून दाखवावी. लोक दुरुस्त्या सांगतील, भांडतीलही. भांडणाची दोन्ही म्हणणी लिहून घ्यावीत. तिच्या चार प्रती कराव्यात. एक ग्रामपंचायतीत, एक शाळेत, एक तालुक्याच्या वाचनालयात. चौथी संभाजीनगरच्या पुरातत्त्व कार्यालयात नेऊन द्यावी आणि पोच घ्यावी. उद्या रस्त्याचे किंवा धरणाचे काम आले तर ती पोच दाखवता येते.

वाचनालयाच्या मंडळींना माझी विनंती आहे की या व्याख्यानाच्या मानधनातून पहिल्या कोऱ्या वह्या घ्याव्यात. पानावरचे रकाने कसे आखायचे ते मी उद्या सकाळी इथेच थांबून दाखवीन; ज्यांच्या गावात नव्वदीचे कोणी आजी-आजोबा आहेत, त्यांनी आधी यावे.